गड पाण्यावर राहतो



मी धामापूरचा. मालवण तालुक्यातलं हे गाव आपल्यापैकी अनेकांनी तलावासाठी पाहिलेलं असेल. भगवती देवीचं देऊळ, देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि तिन्ही बाजूंनी झाडीचे डोंगर. विजयनगरच्या राजांचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली हा तलाव बांधला, असा इतिहास सांगितला जातो. २०२० साली जागतिक पातळीवर त्याची वारसा सिंचन स्थळ म्हणून नोंद झाली. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आले, गावात दोन दिवस तीच चर्चा होती. पण आज मी तलावाबद्दल बोलायला आलेलो नाही. मी एका डोंगरी किल्ल्याबद्दल बोलणार आहे. आता किल्ल्याची गोष्ट तलावापासून का सुरू करतो आहे, ते शेवटी तुमच्या ध्यानात येईल.

लहानपणी या तलावाच्या बांधावर आम्ही पोरं गड-गड खेळायचो. मातीचा ढीग म्हणजे गड. कोणी शिवाजीमहाराज, कोणी तानाजी, कोणी बाजीप्रभू. मला मात्र दरवेळी खान व्हावं लागे. कधी अफजलखान, कधी शाहिस्तेखान, आणि कोणाला काही आठवलं नाही तर नुसताच खान. त्यात कोणाच्या मनात वाईट नव्हतं. नावाप्रमाणे भूमिका, एवढाच हिशेब. पण रोज हरायचं, रोज पळायचं, याचा एक दिवस मला कंटाळा आला. घरी येऊन आज्याला म्हटलं, "आजा, मी उद्यापासून खेळाक जावचंय नाय. माका सगळे खान करतत."

आजा पडवीत जाळं सांधत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "मगे त्यांका सांग, मी पाणक्या होतलंय. पाणक्याशिवाय गड एक दिस तरी रवता काय?"

दुसऱ्या दिवशी मी पाणक्या झालो. करवंटीतून तलावाचं पाणी नेऊन गडावरच्या मावळ्यांना द्यायचं आणि खालच्या खानालाही द्यायचं. दोन्हीकडून मला बोलावणं येऊ लागलं. आज्याच्या बोलण्यात इतिहास किती होता, हे मात्र मला फार उशिरा कळलं. बी.ए.ला इतिहास होता तेव्हाही कळलं नाही. कळलं ते रांगणा चढल्यावर.

पावसाळा सरला आणि हवा स्वच्छ झाली की आमच्या सड्यावरून पूर्वेला सह्याद्रीची निळी भिंत दिसते. त्याच रांगेत, कुडाळ तालुक्यातल्या नारूर गावाच्या डोक्यावर रांगणा उभा आहे. सरकारी हिशेबात तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात येतो. घाटावरून जाणारे पाटगाव, चिक्केवाडीच्या वाटेनं जातात. आम्ही कोकणवाले नारूरकडून चढतो. उंची सुमारे अडीच हजार फूट. कोकणच्या अंगाला तुटलेले कडे, घाटाच्या अंगाला एका अरुंद सोंडेनं मुख्य रांगेशी जोडलेला. परंपरा सांगते की हा किल्ला कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोजानं, म्हणजे बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारला. घाट आणि बंदरं यांच्या मधोमध बसलेला हा पहारेकरी. वर जाणारा माल, खाली उतरणारं सैन्य, कोणीही त्याच्या नजरेतून सुटत नसे.

मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीत. दाट झाडीतून चढताना सोबतीला नारूरचे एक वृद्ध गृहस्थ होते. मला तट-बुरूज बघायची घाई. ते मात्र मला आधी तलावाकडे घेऊन गेले. गडमाथ्यावर भरलेला तलाव, जवळ रांगणाई देवीचं देऊळ. ते म्हणाले, "आधी ह्यां बगा. मगे दरवाजे." मला आज्याची आठवण झाली.

आता पाचशेपन्नास वर्षं मागे जाऊ.

पंधराव्या शतकात दख्खनवर बहामनी सुलतानांचं राज्य होतं. राजधानी आधी गुलबर्गा, नंतर बिदर. पण घाटाखालचं कोकण आणि घाटमाथ्यावरचे किल्ले स्थानिक राजांकडे, सरदारांकडे होते. शिर्के, मोरे ही नावं आपल्या परिचयाची आहेत. खेळणा किल्ला, ज्याला पुढे शिवकाळात विशाळगड नाव मिळालं, तो आणि संगमेश्वरचा मुलूख हे या राजांचं बळ. त्यांची गलबतं समुद्रात फिरत, व्यापाऱ्यांची आणि मक्केच्या यात्रेकरूंची जहाजं अडवत. फेरिश्ता हा इतिहासकार खेळण्याच्या राजाकडे तीनशे जहाजं असल्याचं सांगतो. आकडा थोडा फुगवलेला असेलही, पण बिदरच्या दरबाराला हे जहाजांचं दुखणं होतं, हे नक्की.

१४५३ साली सुलतान अलाउद्दीन अहमद याने आपला सरदार खलफ हसन बसरी याला कोकणावर पाठवलं. त्याचा किताब होता मलिक-उत-तुज्जार, म्हणजे व्यापाऱ्यांचा राजा. फेरिश्ता हकीगत सांगतो ती अशी. मलिकने शिर्क्यांना पकडलं आणि धर्म बदल नाहीतर मर, असं बजावलं. शिर्के म्हणाले, माझी तयारी आहे, पण खेळण्याचा राजा मला पुढे टोचून बोलेल, तेव्हा आधी त्याला जिंका, वाट मी दाखवतो. आणि त्यांनी वाट दाखवली. दोन दिवस रस्ता बरा, मग जंगल असं की सूर्य दिसेना. मलिक आजारी पडला, फौज विखुरली, तंबू ठोकायला सपाट जागा नाही. रात्री डोंगरातून माणसं उतरली आणि मलिकसकट हजारो सैनिक कापले गेले.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या फौजेतले दखनी सैनिक रानात शिरलेच नव्हते, ते मागेच थांबले. बिदरच्या दरबारात तेव्हा दोन तट होते. एक दखनी, म्हणजे पिढ्यान् पिढ्या इथले झालेले. दुसरे आफाकी, म्हणजे इराण, इराक, तुर्कस्तानातून नव्यानं आलेले. दोन्ही मुसलमान, आणि दोन्ही एकमेकांच्या जिवावर उठलेले. खेळण्याच्या रानात मेले ते बहुतेक आफाकी. त्यांना डोंगरातल्या माणसांनी मारलं, तसंच त्यांच्याच दरबारातल्या वैरानंही मारलं. फेरिश्ता स्वतः आफाकी, आणि त्यानं हे लिहिलं ते दीडशे वर्षांनंतर विजापुरात बसून. तेव्हा त्याची हकीगत थोडी हातचं राखूनच वाचायला हवी. पण डोंगर आणि रान यांनी एक अख्खी फौज गिळली, या गाभ्याबद्दल वाद नाही.

त्याच सुमारास इराणातल्या गिलान प्रांतातून एक व्यापारी दाभोळ बंदरात उतरला. वय चाळिशीपार. नाव महमूद गावान. तो बिदरला गेला, दरबारात शिरला आणि आपल्या हुशारीवर पुढे राज्याचा वजीर झाला. त्यालाही किताब मिळाला तोच, मलिक-उत-तुज्जार. जो किताब घेऊन एकजण या डोंगरात मेला होता, तोच किताब घेऊन दुसरा माणूस १४६९ साली पुन्हा या डोंगरांकडे निघाला.

गावान मला जवळचा वाटतो, त्याचं कारण तो लिहिणारा माणूस होता. फारसीत कविता करायचा. इराणातला थोर कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. बिदरला त्यानं बांधलेली मदरसा आजही अर्धी उभी आहे, तिच्या मिनाराची रंगीत फरशी अजून चमकते. त्याच्या पत्रांचा संग्रह 'रियाज-उल-इन्शा' या नावानं प्रसिद्ध आहे, आणि त्यात कोकणच्या मोहिमेत लिहिलेली पत्रंही आहेत. दरबारी फारसी म्हणजे अलंकारांचं ओझं. पण त्या ओझ्याखालून एक थकलेला माणूस बोलताना ऐकू येतो. किल्ले आकाशाला भिडलेले, रान अभेद्य, आणि बिदरमध्ये माझे हितशत्रू माझ्याविरुद्ध कान भरताहेत, हा सूर पुन्हा पुन्हा येतो.

पण गावान खलफ हसनसारखा आंधळा शिरला नाही. घोडदळ या डोंगरात उपयोगाचं नाही हे ओळखून त्यानं ते परत पाठवलं आणि जुन्नर, दाभोळ भागातून पायदळ मागवलं. रान तोडत, जाळत वाट केली. घाट ताब्यात घेतले. खेळण्याला वेढा घातला. पाच महिने झाले, गड हलेना. आणि मग तो आला ज्याच्यापुढे कोणाचंच चालत नाही. पाऊस आला.

श्रोतेहो, सह्याद्रीचा पाऊस मी तुम्हाला काय सांगावा? घाटमाथ्यावर आषाढात चुलीतलं लाकूड पेट घेत नाही, अंगावरचं कापड वाळत नाही. जळवा चढतात, बुरशी धान्य खाते, धुक्यात समोरचा माणूस दिसत नाही. वेढा घालणारा उघड्यावर, गडावरचा छपराखाली. गडाच्या टाक्या भरून वाहतात आणि खालच्या छावणीत हगवण लागते. एकच पाऊस वरच्याला पाणी देतो आणि खालच्याला मरण. डोंगरी किल्ल्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. गावाननं ते ओळखलं. या हवेची सवय असलेलं पायदळ घाटांवर ठेवून तो कोल्हापूरला उतरला. तिथं गवताच्या झोपड्या बांधून त्यानं पावसाळा काढला. विचार करा, ज्या वजिराच्या शब्दावर दख्खन चालत होतं, तो झोपडीत बसून आभाळाकडे बघतो आहे.

याच मोहिमेत, १४७० साली, आमचा रांगणा त्याच्या हाती आला. त्याचं श्रेय त्यानं आधी ईश्वरी कृपेला दिलं. पण पुढे जे कबूल केलं ते महत्त्वाचं. नुसत्या शौर्यानं हा किल्ला मिळाला नसता, पराक्रमाबरोबर पैसाही ओतावा लागला, असं त्याचं म्हणणं. खेळण्याचंही तेच. दुसऱ्या खेपेला युक्ती आणि धन दोन्ही वापरून तो घेतला. विजयी सेनापती सहसा हे कागदावर आणत नाहीत. गावाननं आणलं. किल्ल्याचा दगड तलवारीनं तुटत नाही, हे तो दोन वर्षांत शिकला होता.

१४७१ च्या अखेरीस संगमेश्वर पडलं, आणि १ फेब्रुवारी १४७२ ला गोवा. अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी याच काळात चौलला उतरून बिदरला पोचला होता. त्याच्या प्रवासवर्णनातही मलिक-उत-तुज्जारच्या या मोहिमेचा उल्लेख आहे. समुद्रात लुटालूट करणारी दोन शहरं त्यानं घेतली आणि त्यासाठी दोन वर्षं वेढा घालून बसला, असं तो लिहितो. आमच्या डोंगरांची बातमी वोल्गाकाठच्या माणसाच्या वहीत गेली ती अशी.

आणि एवढं करून गावानला काय मिळालं? १४८१ साली दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या नावे खोटं पत्र तयार केलं आणि सुलतानानं चौकशी न करता त्याचं शीर उडवण्याचा हुकूम दिला. तेव्हा तो सत्तरीचा होता. रांगण्याच्या रानानं, पावसानं, शत्रूनं ज्याला सोडलं, त्याला घरच्यांनी मारलं. त्याच्यामागून काही वर्षांत बहामनी राज्याचेही तुकडे झाले. रांगणा तिथंच होता.

लहानपणी मला खान करणाऱ्या मित्रांना मी आज विचारलं असतं, की या गोष्टीत कोण कोणाच्या बाजूचा? आणि प्रश्न पुढेही सुटत नाही. शिवकाळात रांगणा महाराजांकडे आला. १६६७ च्या उन्हाळ्यात आदिलशाही फौजेनं त्याला वेढा घातला. फौजेचे सरदार दोन. एक बहलोलखान पठाण आणि दुसरे व्यंकोजी राजे भोसले, म्हणजे महाराजांचे सावत्र भाऊ. महाराजांनी स्वतः येऊन हा वेढा उठवला. म्हणजे गडावर भोसल्यांचा भगवा आणि गडाखालीही एक भोसले. खेळायला बसलेल्या पोरांना हे सांगितलं तर खेळच मोडेल.

चाळीस वर्षांनी, १७०८ साली, शाहू महाराज साताऱ्याला गादीवर बसले आणि चुलती ताराबाई यांच्याशी वारशाचा झगडा पेटला. पन्हाळा शाहूंनी घेतला. ताराबाई रांगण्याला आल्या. शाहूंनी रांगण्याला वेढा दिला. चुलती वर, पुतण्या खाली. आणि या वेळेसही निकाल लावला तो पावसानं. वेढा उठला. ताराबाई मधल्या काळात गडावरून निघून समुद्रातल्या सिंधुदुर्गाला गेल्या, म्हणजे आमच्या मालवणात. त्या नेमक्या कुठल्या वाटेनं उतरल्या ते मी सांगू शकत नाही. पण नारूरच्या उतारावर उभं राहिलं की पश्चिमेला जिथं आभाळ आणि समुद्र एक होतात, तिकडेच त्यांचीही नजर लागली असेल, असं वाटतं.

ताराबाईंच्या पक्षातले मोठे मुत्सद्दी म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. त्यांनी १७१५ साली लिहिलेलं 'आज्ञापत्र' आपण सगळे ऐकून आहोत. त्यातलं दुर्गांचं प्रकरण मी अनेकदा वाचलं. तिथं शौर्याची भाषणं नाहीत. किल्ला बांधायचा तर आधी पाणी पाहा, हा पहिला धडा. पाणी नसेल आणि जागा सोडून चालत नसेल तर खडक फोडून टाकी करा. एका झऱ्यावर विसंबू नका, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे आटतात. म्हणून राखीव टाकं असावं आणि ते पाणी जपून ठेवावं. गडाभोवतीची झाडी वाढवावी, तिच्यातली काठीसुद्धा तोडू देऊ नये. हे लिहिणाऱ्या माणसानं आयुष्यभर किल्ले पाहिले होते, वेढे सोसले होते. गावाननं जे खालून शिकलं, तेच अमात्यांनी वरून लिहिलं. एकानं रान जाळून वाट काढली, दुसऱ्यानं रान राखा म्हणून सांगितलं. दोघांच्या मध्ये अडीचशे वर्षं, पण डोंगर तोच आणि धडाही तोच.

असे डोंगरी किल्ले फक्त आपल्याकडेच होते असं नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाला कोरिया देश आहे, तोही आपल्या कोकणासारखाच डोंगरांचा. तिथं गावोगावी डोंगरावर तटबंदी बांधून ठेवत. शत्रू आला की लोकांनी धान्य, गुरं घेऊन वर जायचं. तेराव्या शतकात मंगोल तिथं पुन्हा पुन्हा आले. १२५३ साली त्यांनी चुंगजूच्या किल्ल्याला वेढा घातला. सत्तर दिवस झाले, धान्य संपत आलं. गडाचा प्रमुख होता किम युन-हू नावाचा, एकेकाळचा बौद्ध भिक्षू. त्यानं काय केलं? गडावरच्या गुलामांच्या नावांची नोंदवही सगळ्यांसमोर जाळली. जो लढेल तो मोठा, जन्म विचारला जाणार नाही, असं सांगितलं. पाडाव केलेली गुरं-घोडी वाटून दिली. लोक लढले आणि मंगोलांना वेढा उठवावा लागला.

त्याच देशात १६३६ च्या हिवाळ्यात राजा इंजो मांचूंच्या भीतीनं नामहानसानसोंग या डोंगरी किल्ल्यात शिरला. तट भक्कम, सैन्य हजारोंनी. पण धान्य मोजकंच. सत्तेचाळीस दिवसांनी राजाला खाली उतरून शरण जावं लागलं. या किल्ल्याला २०१४ साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. म्हणजे दगड राहिला, राजा नाही राहिला. चुंगजूच्या लोकांकडे राजाही नव्हता, तरी गड राहिला. गडाचा जीव पाण्यात आणि धान्यात असतो, आणि तिसरा त्या माणसांत, ज्यांना गड आपला वाटतो.

आपल्याकडे ही माणसं कोण होती? बखरींत किल्लेदारांची नावं येतात. पण गडाच्या पायथ्याशी मेटांवर रात्रंदिवस जागणारे रामोशी, महार, बेरड, कोळी यांची नावं कुठे आहेत? वर पाणी वाहणारे, तटाचा चुना मळणारे, अंबारात धान्य मोजणारे, पावसाळ्याआधी घरांवर गवत शाकारणारे, यांची? सुलतानाच्या फौजेत पखालीतून पाणी नेणारे भिस्ती होते, मराठ्यांच्या फौजेतही होते. किल्ला एका राज्यातून दुसऱ्यात गेला की दरवाजावरचं निशाण बदलायचं. मेटावरचा माणूस बहुधा तोच राहायचा, कारण त्या डोंगरातली वाट त्यालाच ठाऊक.

ही माणसं इतिहासात मोठ्यानं बोलली ती एकदाच. १८४४ साली कोल्हापूरच्या कारभारात इंग्रजांच्या देखरेखीखाली बदल झाले आणि गडकऱ्यांच्या पिढीजात जमिनी व हक्क धोक्यात आले. तेव्हा सामानगड, भुदरगडचे गडकरी उठले. ते लोण कोकणात मनोहरगडापर्यंत पोचलं. इंग्रजांच्या तोफांपुढे ते टिकले नाहीत. त्यानंतर गडांवरची वस्ती उतरली, आणि ज्या किल्ल्यांना सुलतान, बादशहा जिंकायला धडपडले, ते रिकामे झाले. रिकाम्या गडाला वेढा घालावा लागत नाही. तट ढासळायला पावसाळे पुरेसे असतात.

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. आमच्या मालवणचा सिंधुदुर्ग त्यात आहे, पन्हाळा आहे, विजयदुर्ग आहे. फार आनंद झाला. त्यानंतर जवळच्या एका शाळेत मला किल्ल्यांवर बोलायला बोलावलं होतं. मी रांगण्याची गोष्ट सांगितली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग रांगणा त्या यादीत का नाही?"

मी म्हटलं, यादीत सगळेच मावत नाहीत, बाळ. रांगण्याला यादीपेक्षा त्याचा तलाव गाळानं न भरणं जास्त गरजेचं आहे. वर्गातली मुलं हसली. मी मात्र गंमत करत नव्हतो. गडाची जी गोष्ट आम्ही पोरांना सांगतो ती तलवारीची असते. त्यामुळे गडावर गेलेली पोरं बुरुजावर चढून फोटो काढतात, घोषणा देतात, आणि पाण्याची रिकामी बाटली टाक्यात फेकून खाली येतात. ज्या टाक्यावर गड जगला, त्याच टाक्यात. अमात्यांनी हे पाहिलं असतं तर काय शिक्षा फर्मावली असती, कोण जाणे.

धामापूरच्या तलावाची एक जुनी आख्यायिका आहे. लग्नकार्य निघालं की गोरगरिबांनी तलावाला फुलं वाहायची आणि देवीकडे दागिने मागायचे. दागिने पाण्यावर येत. कार्य उरकलं की परत द्यायचे. एकदा कोणीतरी परत दिले नाहीत, आणि तेव्हापासून तलाव देईनासा झाला. आमच्या घरीही ही गोष्ट सांगत, शेजारच्या गाबताच्या, भंडाऱ्याच्या घरीही हीच. जातधर्म न बघता देणारं पाणी एका माणसाच्या लोभानं थांबलं, अशी ती गोष्ट. मी तिला इतिहास म्हणणार नाही. पण पाण्याशी माणसानं कसं वागावं, याबद्दल ती आज्ञापत्राच्या शेजारी ठेवण्यासारखी आहे.

आजा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यानं कधी रांगणा पाहिला नव्हता, गावानचं नावही ऐकलं नव्हतं. पण खान की मावळा, या दोनच जागा आहेत असं पोरानं समजू नये, एवढी काळजी त्यानं घेतली. इतिहासात तिसरी जागा नेहमी असते, आणि गड बहुतेक वेळा त्या तिसऱ्या माणसाच्या खांद्यावर उभा असतो. तुम्ही रांगण्याला गेलात, तर नारूरच्या त्या वृद्ध गृहस्थांचं सांगणं ऐका. आधी तलाव बघा. ओंजळभर गाळ काढता आला तर काढा. मग दरवाजे बघायला जा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)